बंबावरची रांग

२००७ च्या एप्रिलमध्ये बीजिंगहून शिजियाच्वांगला निघालो तेव्हा मी गाडीभर थंड पाणी शोधत हिंडलो. सोलापूरचा माणूस, एप्रिल म्हटला की माठ आठवतो. डब्याच्या टोकाला सापडला तो एक बंब, आणि त्याच्यासमोर रांग. कुणाच्या हातात चहापत्ती तरंगणारी काचेची बरणी, कुणाच्या हातात कागदी वाडग्यातल्या नूडल्स. मी हात हलवत परतलो. समोरच्या बाईंनी माझी रिकामी बाटली पाहिली, न विचारता उचलली आणि भरून आणली. उकळत्या पाण्याने प्लास्टिक आक्रसलं, बाटली कंबरेत मोडली. सगळा डबा हसला, बाईही हसल्या.

अशा बाईंना तिकडे ‘आयी’ म्हणतात, म्हणजे मावशी. आमच्याकडच्या माणसाला हा शब्द शिकावा लागत नाही.

शिजियाच्वांगला जाण्याचं कारण अर्थात डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापुरात वाढलेले, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले, ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. तिकडे त्यांचं नाव ख दीहुआ. छिंगमिंगचे, म्हणजे पूर्वजांच्या कबरी झाडण्याचे दिवस होते. त्यांची कबर असलेल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत लोक फुलं ठेवत, क्षणभर उभे राहत, मग कडेच्या बाकावर बसून फ्लास्क उघडत. एका आजोबांनी ‘इंदू’ म्हणजे भारत एवढं माझ्याकडून कळताच झाकणात पाणी ओतून पुढे केलं. वाफाळतं, बेचव. प्यायलो.

या पाण्यामागे नुसती सवय नाही. थंड पाण्याने पोट बिघडतं ही समजूत तिकडच्या वैद्यकात जुनीच. शांघायच्या गल्ल्यांत पूर्वी ‘वाघचुली’ असत. घरी जळण महाग, म्हणून लोक तिथून थर्मास भरून उकळतं पाणी विकत नेत. पुढे १९५२ मध्ये देशभक्तीपर आरोग्य मोहीम सुरू झाली आणि पाणी उकळून पिणं हे शाळेपासून कारखान्यापर्यंत शिस्तीत बसलं. नळाचं पाणी आजही तिथे कुणी तसंच पीत नाही.

२०१२ मध्ये पुन्हा गेलो. बीजिंगच्या हुथोंगांत, म्हणजे जुन्या गल्ल्यांत, सकाळी लोक अजून पायजम्यावरच सार्वजनिक संडासाकडे जाताना दिसत, आणि परतताना कागदात गुंडाळलेलं च्येनपिंग, आपल्या धिरड्याचं चुलत भावंड, खात येत. संध्याकाळी चौकात पन्नाशी-साठीच्या आयींचा नाच. कर्ण्यावर गाणं, कुंपणाला ओळीने अडकवलेले फ्लास्क. आवाजाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०१५ मध्ये सरकारने या नाचाचे १२ नमुने बसवून दिले. पुढच्या खेपेला मी मुद्दाम पाहिलं. आयी आपल्याच तालात होत्या.

ती पुढची खेप २०१९ ची. रस्त्यावर भाजलेली रताळी विकणाऱ्याच्या गाडीला क्यूआर कोडचा पुठ्ठा लटकत होता. मी शंभर युआनची नोट काढली, तो नोटेकडे पाहतच राहिला. मागच्या कॉलेजकन्यकेने आपल्या फोनवरून पैसे दिले आणि माझ्याकडची सुटी नाणी गंमत म्हणून ठेवून घेतली. तिच्याच पिढीने ‘जास्त गरम पाणी पी’ या सल्ल्याचा विनोद करून टाकला आहे. ताप आला, परीक्षा बुडाली, काहीही सांगा, बथ्थड प्रियकर एवढंच म्हणतो. विनोद सांगणाऱ्या मुलीच्या पिशवीतही फ्लास्क होताच.

चीनबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते एक तर धास्तीचं, नाही तर डोळे विस्फारून. मीही बुलेट ट्रेनचा वेग मोजत बसलोच की! पण घरी आल्यावर लोकांना सांगितलं ते बंबाचंच.

त्या खेपेला शिजियाच्वांगची वाट तासाभरावर आली होती. डबा चकचकीत, पोरं कानात बोंडं घालून गप्प, आणि टोकाला तोच बंब, आता स्टीलचा. स्टीलची बाटली मी या वेळी घरूनच नेली होती. ती भरून वळलो तर रांगेतल्या आयींनी मला थांबवलं, बंबावरच्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं. माझ्या हातून बाटली घेतली, पाणी ओतून टाकलं, दिवा हिरवा होईपर्यंत थांबल्या आणि पुन्हा नळाखाली धरली.