संगणकाचा वाटाड्या

संगणकाचे बटण दाबताच पडद्यावर ओळखीचे चित्र उमटते आणि यंत्र आपोआप जागे झाले असे वाटते. वस्तुतः वीज मिळते त्या क्षणी आपली कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, कोठे ठेवली आहे हेही त्याला ठाऊक नसते. ती शोधून सुरू करून देणारी एक लहानशी आज्ञावली असते. तिला बूटलोडर म्हणतात. हाच संगणकाचा वाटाड्या.

जुन्या पद्धतीच्या संगणकांत त्याची जागा हार्ड डिस्कच्या अगदी आरंभीच्या ५१२ बाइटांत असते. त्यांतील ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या नोंदीला आणि २ बाइट खुणेला जातात. आज्ञांसाठी उरतात ४४६. आजच्या प्रचलित संकेतपद्धतीने एवढ्या जागेत मराठीची दीडशे अक्षरेही मावत नाहीत! म्हणून विंडोजच्या जोडीला लिनक्स बसविले, की लिनक्सचा 'ग्रब' नावाचा बूटलोडर एक युक्ती करतो. तो स्वतः डिस्कच्या आरंभी उभा राहतो आणि आपले बरेचसे सामान लिनक्सच्या विभागात ठेवतो. कोणती कार्यप्रणाली सुरू करावयाची, हे मग तोच विचारतो.

पुढे एखादा विद्यार्थी जागा मोकळी करण्यासाठी लिनक्सचा विभाग पुसून टाकतो. त्या दिवशी काहीच बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र काळ्या पडद्यावर 'असा विभाग नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि तिच्याखाली 'ग्रब रेस्क्यू' एवढीच अक्षरे दिसतात. घरातील छायाचित्रे, वडिलांचे हिशेब, सारे गेले असे वाटून त्याचा धीर सुटतो. प्रत्यक्षात विंडोजच्या विभागाला धक्काही लागलेला नसतो. वाटाड्या उंबरठ्यावर उभा आहे, पण त्याचे सामान नाहीसे झाले आहे, इतकेच. या घाबरगुंडीत काही जण सारी डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवितात आणि जे गेलेच नव्हते, ते खरोखर गमावून बसतात.

उपाय साधा आहे. विंडोज बसविण्याचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर तयार करून त्यावरून यंत्र सुरू करावे. दुरुस्तीचा पर्याय निवडून आज्ञा लिहिण्याची खिडकी उघडावी आणि 'बूटरेक' ही आज्ञा 'फिक्सएमबीआर' या जोडशब्दासह द्यावी. त्यायोगे ग्रबच्या जागी विंडोजचा वाटाड्या येतो. विभागांची नोंद जशीच्या तशी राहते.

यूईएफआय या नव्या पद्धतीच्या संगणकांत मात्र या आज्ञेचा उपयोग नाही. तेथे बूटलोडर एका छोट्या स्वतंत्र विभागात असतात आणि त्यांचा क्रम यंत्राच्या मुख्य फळीवरील स्मृतीत नोंदलेला असतो. बहुधा यंत्राच्या मांडणीत जाऊन 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर आणला, की काम होते. हे न जाणता पहिलाच उपाय पुनःपुन्हा करीत बसणारेही पुष्कळ!

ज्याला लिनक्स काढावयाचे आहे, त्याने आधी वाटाड्या बदलावा. यंत्र एकदा बंद करून विंडोज सरळ सुरू होते की नाही ते पाहावे, आणि मगच तो विभाग पुसावा.