ठरलेली जागा नसलेला खेळाडू

अमेरिकेंत बेसबॉलच्या धंदेवाईक संघांतून एक निराळ्या जातीचा खेळाडू मुद्दाम बाळगलेला असतो. त्याची ठरलेली जागा नसते. जो दुखावला किंवा थकला, त्याच्या जागीं त्याला उभें करावयाचें. ‘युटिलिटी प्लेअर’ ही त्याची संज्ञा. अष्टपैलू खेळाडू तो हा नव्हे. आपल्या सोलापुरांत जन्मलेले पॉली उम्रीगर हे अष्टपैलू. १९६२ सालीं पोर्ट ऑफ स्पेनच्या एकाच कसोटींत त्यांनीं ५६ व नाबाद १७२ धांवा काढल्या, आणि १०७ धांवांत ५ गडीहि बाद केले. अशा पुरुषाभोंवतीं संघ रचला जातो. मी ज्यांच्याविषयीं बोलणार आहें ते एकनाथ सोलकर संघांतील भगदाडें बुजवीत आले.

मुंबईच्या हिंदु जिमखान्याचे मैदान राखणाऱ्या माळ्याचे हे चिरंजीव. जन्म १९४८ चा. १९६९ पासून ते २७ कसोट्या खेळले. बहुधा सहावे-सातवे फलंदाज. पण १९७४ सालीं इंग्लंडांत सलामीलाहि पाठविले गेले. डाव्या हातानें नवा चेंडू टाकीत, आणि तो जुना झाला कीं फिरकीहि. धांवा १०६८, सरासरी २५. बळी अवघे १८, तेहि प्रत्येकीं ५९ धांवांना. या आंकड्यांवर कोणीहि परीक्षक त्यांना नापास करील!

परंतु त्यांनीं झेल घेतले ५३. सामन्यास जवळजवळ दोन. फलंदाजापासून दोन-तीन पावलांवर, शॉर्ट लेगला, ते वांकून उभे राहात. फिरकी चेंडू बॅटीला व पॅडला चाटून वीतभर उडतो, तो जमिनीवर पडण्यापूर्वीं उचलावयाचा. आणि फलंदाजानें जोरानें फटका मारलाच, तर तो अंगावर घ्यावयाचा. हा मनुष्य समोर असतां फलंदाज पुढें येऊन चेंडू अडविण्यास कचरे. बेदी, प्रसन्न, चंद्रशेखर, वेंकटराघवन या चौघांनाहि त्याचा लाभ होई. वहींत बळी मात्र गोलंदाजाच्या नांवें लिहिला जातो.

मी मॅट्रिक झालेला मास्तर. ज्याची रजा, त्याच्या वर्गावर मला धाडीत. आज भूगोल, उद्यां अंकगणित, प्रसंगीं कवाईतहि. निकाल त्या त्या मास्तराच्या नांवावर लागे. म्हणून कीं काय, १९७१ ची ओव्हलची कसोटी मी निराळ्या रीतीनें वाचतों. चंद्रशेखरांनीं ३८ धांवांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ त गुंडाळलें, आणि इंग्लंडच्या भूमीवर भारताला पहिला कसोटी-विजय मिळाला, हें सर्वांस पाठ आहे. त्या ६ बळींपैकीं फ्लेचरचा झेल सोलकरांचा. वेंकटराघवन यांच्या चेंडूवर पुढें झेंपावून नॉटचा झेल घेतला तोहि त्यांनींच. पहिल्या डावांत २८ धांवांत ३ बळी आणि फलंदाजींत ४४ धांवा, या तर कोणाच्या ध्यानींहि नसतात. त्याच वर्षीं किंग्स्टनला ५ बाद ७५ अशी दैना झाली असतां सरदेसाईंबरोबर १३७ धांवांची भागीदारी त्यांनींच केली. द्विशतक सरदेसाईंचें, सोलकरांच्या धांवा ६१.

१९७५ च्या जानेवारींत वानखेडेवरील पहिल्याच कसोटींत त्यांनीं १०२ धांवा काढल्या. त्यांचें तें एकमेव कसोटी-शतक. दोन वर्षांनीं, अठ्ठाविसाव्या वर्षीं, ते शेवटची कसोटी खेळले. शॉर्ट लेगला उभ्या राहणाऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण आलें, तें त्यानंतर.