बालाघाटातून समुद्राकडे : मोटारसायकलवरचे आठ दिवस

आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. एकजण उर्दू आणि मराठी शिकवतो, दुसरी भूगोल. सातवीच्या वर्गात एके दिवशी पर्जन्यछायेचा धडा चालू होता. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, कोकणात कोसळतात आणि आपल्या धाराशिवपर्यंत येता येता रिकामे होतात, हे फळ्यावर काढून झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “टीचर, आपने समंदर देखा है क्या?”

अठरा वर्षे भूगोल शिकवणाऱ्या बाईंनी समुद्र पाहिलेला नव्हता. ही गोष्ट त्या संध्याकाळी घरी चहाबरोबर निघाली आणि हसण्यावारी गेली, पण मनातून गेली नाही. चाळिशी उलटली, मुले मोठी झाली, अजून किती दिवस पुढे ढकलायचे? दिवाळीच्या सुट्टीत जायचे ठरले. गाडी एकच, सहा वर्षे जुनी १२५ सीसीची मोटारसायकल. तिच्यावरच जायचे.

अम्मी म्हणाल्या, “या वयात? लोक काय म्हणतील?” बारावीतल्या मुलाचे म्हणणे वेगळे होते. “मला गाडी मागितली की नाही म्हणता, आणि स्वतः हजार किलोमीटर जाता?” अम्मींना आम्ही समजावले. मुलाच्या प्रश्नाला मात्र त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते.

निघण्याआधी

आठवडाभर आधी गाडी मिस्त्रीकडे दिली. ब्रेक शू, चेन, क्लचची वायर नवी टाकली. मागचा टायर गुळगुळीत झाला होता, तोही बदलला. सोबत जादा क्लच वायर, ट्यूब, स्पार्क प्लग आणि हवा भरायचा छोटा पंप घेतला. दोघांसाठी हनुवटी झाकणारी हेल्मेट विकत आणली. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ तसेच सांगते, पण आपल्याकडे किती बायकांच्या डोक्यावर ते दिसते?

मोठा प्रश्न कपड्यांचा होता. ओढणी किंवा बुरख्याचे टोक चेनमध्ये अडकून झालेले अपघात आपल्या प्रत्येक गावात लोकांनी पाहिलेले आहेत. आम्ही चेनला पूर्ण झाकण आणि चाकाला साडीगार्ड बसवले. बुरख्याऐवजी गुडघ्यापर्यंतचा जाड कोट, खाली सलवार आणि घट्ट बांधलेला स्कार्फ असा पोशाख ठरला. पडदा राहिला आणि वाऱ्यावर उडणारे काही राहिले नाही. बसणेही दोन्हीकडे पाय टाकून. एका बाजूला बसले की घाटातल्या वळणावर तोल जातो.

कोरड्यातून हिरव्यात

पहिल्या दिवशी फज्रनंतर निघालो. येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, अकलूज, फलटण आणि संध्याकाळी सातारा. अडीचशेच्या आसपास किलोमीटर, या सफरीतला कंटाळवाणा पण लांब टप्पा. दर तासाला थांबलो, पाठ सरळ केली, पाणी प्यायलो. टेंभुर्णीजवळ उजनीचा फाटा लागला. आमच्या शहराच्या नळाला येणारे पाणी इथूनच पाइपातून येते.

दुसऱ्या दिवशी वाईहून पसरणी घाट चढून पाचगणी आणि महाबळेश्वर. भूगोलाचा धडा इथे रस्त्यावरच उघडला. वाईच्या बाजूला गवत पिवळे पडू लागले होते. पाचगणी ते महाबळेश्वर अंतर जेमतेम वीस किलोमीटर, पण झाडी दर वळणाला दाट होत गेली. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पाचगणीला त्याच्या निम्माही नाही आणि आमच्या धाराशिवला सातशे-साडेसातशेच्या आसपास. हे आकडे आम्हाला पाठ होते. आता ते झाडांच्या बुंध्यांवरच्या शेवाळात दिसत होते.

महाबळेश्वरच्या डोंगरात कृष्णा उगम पावते आणि सावित्रीही. एक पूर्वेला वळते आणि हजारो गावांना पाजत बंगालच्या उपसागराला मिळते. दुसरी पश्चिमेला कड्यावरून उतरून थोड्याच अंतरात अरबी समुद्रात जाते. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते कृष्णेचेच होते. त्या उन्हाळ्यात आमच्या शाळेतली मुले बाटलीतले उरलेले पाणीही घरी परत न्यायची. डोंगरावर उभे राहून ते आठवले.

पुढे आंबेनळी घाट उतरून पोलादपूर. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचा मोह होतो. तो टाळावा. दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली की इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत. रात्री महाडला मुक्काम केला.

पहिला समुद्र

तिसऱ्या दिवशी माणगाव, म्हसळा करत दिघीला पोहोचलो. समुद्राआधी त्याचा वास आला, खारट आणि सुक्या मासळीचा. दिघीहून आगरदांड्याला फेरीबोट जाते. तिच्यात माणसे, मोटारी, मोटारसायकली सगळेच चढते. खाडीचे तोंड ओलांडताना डाव्या हाताला पाणी आभाळाला टेकलेले दिसले. भूगोलाच्या बाई हेल्मेट काढून कठड्याला धरून उभ्या राहिल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “नकाशात निळा रंग देतो आपण. हा तर राखाडी आहे.”

मुरूडला संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो, पण पाण्यात घोट्याच्या वर गेलो नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी याच किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून गेले होते. आपण कोरड्या मुलखातली माणसे. विहीर आणि तलाव आपल्याला कळतात, ओहोटी कळत नाही. सहलीला मुले नेणाऱ्या शिक्षकांनी आणि पालकांनी स्थानिक कोळ्यांना विचारल्याशिवाय कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये.

इथे आणखी एक गंमत झाली. असरची अजान आमच्या अंदाजापेक्षा बरीच आधी झाली. कोकणी मुस्लिम शाफई मसलकाचे, आपण दख्खनी बहुतेक हनफी. वस्तूची सावली वस्तूएवढी लांब झाली की त्यांची असर सुरू होते, आपली दुप्पट झाल्यावर. आम्ही त्यांच्या जमातीला पोहोचू शकलो नाही, पण नंतर मशिदीच्या ओट्यावर बसलेल्या एका बुजुर्गांनी आम्हाला चहाला घरी नेले. त्यांच्या घरची बोली कोकणी, आमची दख्खनी. शेवटी दोन्ही घरांचे नीट जमले ते मराठीत. तांदळाची भाकरी आणि माशाचे कालवण खाऊनच उठू दिले.

जंजिरा आणि परांडा

चौथ्या दिवशी सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलो. ‘जंजिरा’ हा शब्द अरबी ‘जझिरा’चा, म्हणजे बेट. होडी तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. आत कलाल बांगडी तोफ आहे आणि चारही बाजूंनी खारे पाणी असताना गोड्या पाण्याचे तलाव आहेत. बाई तलावाच्या काठी सर्वांत जास्त वेळ थांबल्या. समोरच समुद्रात छत्रपती शिवाजी महाराजांनी बांधवलेला पद्मदुर्ग दिसतो. जंजिरा शेवटपर्यंत सिद्दींकडेच राहिला आणि १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले.

सिद्दी हबशातून, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूने आले. गुलाम, सैनिक, खलाशी म्हणून आलेल्यांतून पुढे सरदार झाले. मलिक अंबरही हबशीच. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांकडे गेल्यावर त्याने दुसऱ्या मुर्तजा निजामशाहाला गादीवर बसवले आणि काही काळ निजामशाहीची राजधानी होती आमच्या जिल्ह्यातले परांडा. परांड्याच्या किल्ल्यात आम्ही मुलांना दरवर्षी नेतो. विजापूरला आज जी मलिक-ए-मैदान तोफ आहे, ती एकेकाळी परांड्यात होती, हेही सांगतो. पण त्या इतिहासाचे दुसरे टोक इथे समुद्रात आहे, हे आजवर सांगितले नव्हते. मुरूडजवळच खोकरीला सिद्दी सरदारांचे दगडी घुमट आहेत. तिथे फातिहा पढून परत फेरीबोट पकडली आणि दिवेआगरमार्गे समुद्राच्या कडेकडेने श्रीवर्धनला आलो. संपूर्ण सफरीतला हा सर्वांत सुंदर रस्ता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला लाटा, मध्ये एक गाडी जाईल एवढी जागा.

पाचव्या दिवशी हरिहरेश्वरपासून जवळच्या बागमांडल्याहून वेश्वीला फेरीबोटीने गेलो. हे सावित्रीचे मुख. महाबळेश्वरला जी धार दिसली होती ती इथे एवढी रुंद. पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै आणि दापोली.

वाशिष्ठी उलट्या दिशेने

सहाव्या दिवशी दाभोळ. बहमनी आणि आदिलशाही काळात हे मोठे बंदर होते. दख्खनमधून हजला निघालेले लोक इथून जहाजात बसत. खाडीच्या काठी नारळीत सतराव्या शतकातली घुमट-मिनारांची मशीद आहे. विजापूरची एक शहजादी हजला निघाली, इथपर्यंत आली, पण पुढे जाऊ शकली नाही, मग जवळचा पैसा तिने या मशिदीला लावला, असे गावात सांगतात. ओट्यावर बसून दोन रकात नफल पढलो.

दाभोळ ज्या खाडीवर आहे ती वाशिष्ठी नदीची. फेरीबोटीने धोपाव्याला उतरून गुहागरमार्गे चिपळूण गाठले. २२ जुलै २०२१ च्या पुरात हे शहर बुडाले होते. ज्या दुकानात चहा प्यायलो, तिथल्या मालकाने पाणी कुठपर्यंत आले होते ते हात वर करून दाखवले. त्याचा हात पंख्यापर्यंत गेला. आम्ही म्हणालो, “आमच्याकडे टँकर येतात.” तो हसला आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

सातव्या दिवशी कुंभार्ली घाट. पायथ्याला पोफळी, कोयनेच्या वीज प्रकल्पाचे गाव. वर कोयना धरण, साठवण सुमारे १०५ टीएमसी. त्यातले दरवर्षी ६७.५ टीएमसी पाणी वीज करण्यासाठी पश्चिमेला सोडायचे ठरलेले आहे. ते वीज देऊन वाशिष्ठीत जाते आणि दाभोळला समुद्राला मिळते. म्हणजे आदल्या दिवशी आम्ही ज्या पाण्यावरून बोटीने आलो, त्यात सह्याद्रीच्या पूर्वेचे पाणीही होते. त्या विजेवर आपल्या घरचे दिवे आणि कारखाने चालले, हे विसरता येत नाही. पण दुष्काळी गावातल्या मुलाला हा हिशेब कसा समजवायचा, हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारत घाट चढत होतो.

आणि तिथेच पडलो. एका वळणावर बारीक खडी पसरली होती. वेग कमी होता, पण पुढचे चाक घसरले आणि गाडी डाव्या कुशीवर गेली. गुडघा सोलला, इंडिकेटर तुटला. मागे बसलेल्या बाईंचे डोके रस्त्याला लागले. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने गाडी आडवी लावून वाहतूक थांबवली, पाणी दिले, मोटारसायकल उचलून बाजूला घेतली. बाई उठून बसल्या आणि हेल्मेट काढले. हनुवटीच्या भागावर बोटभर खोल ओरखडा होता. त्यांच्या हनुवटीवर काहीच नव्हते. अल्हम्दुलिल्लाह. अर्धा तास तिथेच बसलो. दोघांचेही हात थरथरत होते.

मग हळूहळू हेळवाक, पाटण करत कराड. इथे कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात. आठव्या दिवशी विटा, पंढरपूर, बार्शीमार्गे घरी.

जाणाऱ्यांसाठी

पेट्रोल वीस-एकवीस लिटर लागले. राहणे, जेवण, फेरीबोट सगळे धरून दोघांचा खर्च साधारण साडेचौदा हजार झाला. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. अंधार पडल्यावर घाटात गाडी चालवू नये. दिवसाला दीडशे किलोमीटर पुरेत. हनफी मसलकाप्रमाणे सुमारे ७८ किलोमीटरपेक्षा लांबचा सफर आणि एका जागी पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर जोहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. फज्र आणि मगरीब तशाच. एक हलकी जानमाज आणि पाण्याची बाटली सोबत असली की कुठेही अडत नाही.

घरी आल्यावर ओरखडलेले हेल्मेट आम्ही मुलासमोर ठेवले. तो बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर असे ठरले : अठरा पूर्ण, मग लायसन्स, मग गाडी, आणि पहिले सहा महिने मागे अब्बा बसतील. त्याने फक्त एकच बदल मागितला. मागे अम्मी बसतील, कारण पडायचे कसे ते त्यांना माहीत आहे.

सुट्टीनंतर सातवीच्या वर्गात त्या मुलीने परत काही विचारायच्या आत बाईंनी फळ्यावर सह्याद्री काढला. समुद्र या वेळी राखाडी खडूने काढायचा होता, पण शाळेत तसा खडू नव्हता. पांढराच वापरला.

अल्लाह सर्वांचा सफर सुखरूप करो. आमीन.