पेरूवरील फळमाशी

आम्हां भोपाळकरांच्या परसातील पेरू पावसाळ्यात किडका व हिवाळ्यात निर्दोष का निघतो? आंबे बहराचे फळ जुलै ते सप्टेंबरमध्ये पिकते. त्या दमट, उबदार हवेत फळमाशी फार वाढते. मादी सालीखाली अंडी घालते, अळ्या गर खातात, आणि फळ गळल्यावर मातीत शिरून कोश करतात. सुमारे महिन्याभरात नवी पिढी उडते. मृग बहराचे फळ थंडीत येते, तेव्हा ही वाढ मंदावलेली असते. यास्तव बागायतदार उन्हाळ्यात पाणी तोडून मृग बहर धरतात. परसात मात्र गळलेली फळे रोज वेचून दोन फूट खोल पुरावीत. माशी कुंपण मानीत नाही. सर्व आळीने हे केले, तरच मुलांना पावसाळी पेरू निर्धास्तपणे देता येईल.