भरू नये अशी जखम

शस्त्रक्रिया कोणतीही असो, जखम लवकर भरावी असेच सगळ्यांना वाटते. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत मात्र सर्जनचा सारा आटापिटा ती पूर्ण भरू नये यासाठी असतो. ज्या डोळ्यातला मोतीबिंदू आधी काढलेला आहे, तिथे हे काम आणखी अवघड होते. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात, जिथे घरोघरी एखाद्या आजी-आजोबांच्या डोळ्यात भिंग बसवलेले असते, तिथे हे समजून घ्यायलाच हवे.

डोळ्याच्या पुढच्या भागात स्वच्छ पाणी सतत तयार होते आणि बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यातल्या सूक्ष्म जाळीतून बाहेर पडते. पावसाळ्यात पन्हळ तुंबावी तशी ही जाळी तुंबली की दाब वाढतो. सर्वसाधारण डोळ्यात तो 10 ते 21 मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. वाढलेल्या दाबाने डोळ्याची नस सुकत जाते आणि कडेची नजर गुपचूप जाते. हाच काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही.

औषधाच्या थेंबांनी दाब आवरला नाही तर पाण्याला नवी वाट करून देतात. ट्रॅबेक्युलेक्टमी नावाची ही शस्त्रक्रिया केंब्रिजच्या जे. ई. केर्न्स यांनी 1968 मध्ये मांडली. वरच्या पापणीआड, डोळ्याच्या पांढऱ्या भागात जेमतेम तीन-चार मिलिमीटरची झडप उचलायची, तिच्याखाली बारीक भोक पाडायचे आणि पाणी वरच्या पातळ पापुद्र्याखाली झिरपू द्यायचे. तिथे एक फिकट उंचवटा तयार होतो. तो टिकला तर डोळा टिकला. पण शरीर ते भोक बुजवायला धावते. म्हणून मायटोमायसिन या मुळात कॅन्सरवरच्या औषधात भिजवलेला स्पंजाचा तुकडा काही मिनिटे तिथे ठेवतात. जखम भरण्याचा वेग त्याने मंदावतो.

आता मोतीबिंदूकडे वळू. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 मध्ये सुरू झाला. 1994 पासून जागतिक बँकेच्या साह्याने ज्या सात राज्यांत मोतीबिंदूची मोठी मोहीम चालली, त्यांत महाराष्ट्र होता. शिबिरांतल्या रुग्णांसाठी छोट्या छेदाची, बिनटाक्याची पद्धत रुळली. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात तिची फेको मशीनच्या पद्धतीशी तुलना झाली. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्ही सुरक्षित ठरल्या. छोट्या छेदाची पद्धत स्वस्तही आहे. असंख्य गरिबांना तिने नजर दिली, हे तिचे मोठे श्रेय. मात्र या पद्धतीत पापुद्रा बाजूला करून पांढऱ्या भागातून सहा-सात मिलिमीटरचा बोगदा काढतात, तोही बहुधा वरच्याच बाजूला. म्हणजे काचबिंदूची झडप जिथे उचलायची, नेमका तिथेच आधीचा व्रण. व्रणाचा पापुद्रा घट्ट चिकटलेला असतो, त्याखाली पाणी पसरत नाही. फेकोत पारदर्शक बुबुळातून छेद घेतला तर पापुद्रा शाबूत राहतो. तरीही मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यातल्या पाण्यात दाह वाढवणारे घटक अधिक आढळतात, आणि तेही व्रणाला बळ देतात.

आधी मोतीबिंदूची किंवा काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या 212 डोळ्यांवर 17 केंद्रांत एक तुलना झाली. निम्म्यांना ट्रॅबेक्युलेक्टमी, निम्म्यांना सिलिकॉनची नळी. पाच वर्षांनी ट्रॅबेक्युलेक्टमी 46.9 टक्के डोळ्यांत अयशस्वी ठरली, नळी 29.8 टक्क्यांत. पुढे त्याच धर्तीवर, कधीच चाकू न लागलेल्या डोळ्यांचा अभ्यास झाला, तेव्हा पहिल्या वर्षी उलट ट्रॅबेक्युलेक्टमीच सरस ठरली. आधीच्या शस्त्रक्रियेचे वजन किती, हे या दोन निकालांतून दिसते. नळी दूर मागच्या बाजूला पाणी नेते, म्हणून पुढचा व्रण तिला फारसा आडवा येत नाही. परदेशी नळी महाग पडते. मदुराईच्या अरविंद नेत्र संस्थेशी संलग्न ऑरोलॅबने मात्र 350 चौरस मिलिमीटर पट्टीची स्वस्त नळी बनवून हा उपाय आपल्याकडच्या रुग्णांच्या आवाक्यात आणला. मला ही कामगिरी फार मोलाची वाटते.

नळी बसवताना ती विरघळणाऱ्या दोऱ्याने बांधून ठेवतात. साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात दोरा विरघळतो, नळी उघडते आणि दाब एकदम उतरतो. त्या दिवसांत डॉक्टर हाताशी हवेत. ट्रॅबेक्युलेक्टमीनंतरही पहिले काही आठवडे वरचेवर तपासणी लागते. मंडणगड किंवा राजापूरच्या गावात एकट्या राहणाऱ्या माणसाला मुंबईच्या किंवा आंबा घाट चढून कोल्हापूरच्या फेऱ्या झेपत नाहीत. माझ्या मते, चुकलेली तपासणी जुन्या व्रणाइतकीच घातक आहे. चाकरमानी मुलांनी या फेऱ्यांची सोय शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधीच करावी.

मोतीबिंदू काढल्यावर पट्टी सुटते आणि जग उजळते. काचबिंदूनंतर तसे होत नाही, कारण ती शस्त्रक्रिया उरलेली नजर राखण्यासाठी असते. हे रुग्णाला आधीच सांगावे. मोतीबिंदूची तारीख ठरवताना डोळ्याचा दाब, नस आणि कोपरा तपासून मागा. काचबिंदू आधीच कळला तर छेद कुठे घ्यायचा याचा विचार डॉक्टर त्याच वेळी करू शकतात. आणि शस्त्रक्रियेचे कार्ड जपून ठेवा, पुढच्या सर्जनला ते लागणार आहे.