दाढेच्या खड्ड्यातली गुठळी सांभाळा

अक्कलदाढ काढून माणूस घरी येतो तो दातांखाली कापसाचा बोळा धरून. अर्धा ओठ बधिर, बोलणं सगळं खुणांनी. तोवर घरात उपायांची तयारी झालेली असते. कुणी लवंगेचं तेल शोधून ठेवलेलं, कुणी हळद कालवलेली. त्यातच फोनवर सल्ला येऊन पडतो: भुलीचं आणि गोळ्यांचं ‘विष’ उतरवायला तीन दिवस नुसत्या रसांवर राहा, तेलाच्या गुळण्या करा.

या धावपळीत जी गोष्ट जपायची, तिच्याकडेच दुर्लक्ष होतं. दाढ निघाल्यावर हाडात उरलेल्या खड्ड्यात रक्त साकळून काळपट, मऊ गुठळी बसते. ती घाण नव्हे. खालचं हाड आणि नसांची टोकं तीच झाकते, आणि जखम भरून यायला सुरुवात तिथूनच होते. ती निसटली की हाड उघडं पडतं. दंतवैद्य याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, कमी होत आलेलं दुखणं अचानक उसळतं आणि ठणका कानापर्यंत जातो.

म्हणून कुठल्याही घरगुती उपायाला एकच प्रश्न विचारावा: याने गुठळी टिकेल की हलेल?

मिठाचं पाणी उत्तमच, पण पहिले २४ तास नाही. त्या दिवशी चूळ भरणं, जोरात थुंकणं, स्ट्रॉने पिणं, सगळंच बंद. गालावर बाहेरून बर्फ मात्र जरूर लावावा. दुसऱ्या दिवसापासून कपभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालावं. खळखळून गुळणी करायची नाही. घोट तोंडात घेऊन मान हळूच कलती करावी आणि पाणी आपसूक बाहेर पडू द्यावं.

लवंगेची कीर्ती खोटी नाही. तिच्यातलं युजेनॉल ठणका शमवतं आणि ड्राय सॉकेटवरच्या औषधी पट्टीतही ते अनेकदा असतं. पण निव्वळ तेल उघड्या जखमेवर ओतलं तर तिथली कातडी भाजते. हळद कोमट दुधातून घ्यावी, खड्ड्यात दाबू नये. पूड आत अडकून बसते. तेलाची गुळणी आयुर्वेदात जुनी आहे, पण ताज्या जखमेवर तो जोर नको. मिश्री आणि तंबाखू तर पूर्ण बंद.

आणि ते ‘विष’? भुलीसाठी वापरलं जाणारं लिग्नोकेन यकृत स्वतःच मोडतं. साधारण दीड ते दोन तासांत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. उरलेलं काम मूत्रपिंडं करतात. रसांचा उपास त्यात काही भर घालत नाही, उलट जखमेला लागणारी प्रथिनं तोडतो. मऊ गार खिचडी, दही, पेज, चालत असेल तर नीट उकडलेलं अंडं, हेच खरं पथ्य. लसणाच्या किंवा गिंकोच्या कॅप्सूल चालू असतील तर दाढ काढण्याआधीच दंतवैद्याला सांगावं, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. लिहून दिलेल्या गोळ्या मनाने थांबवू नयेत.

सूज दोन-तीन दिवस वाढते आणि मग उतरते. त्यानंतरही ती वाढतच राहिली, ताप आला, ठणका कानात गेला किंवा रक्त थांबेना, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी दंतवैद्याकडे जावं. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर थेट रुग्णालय गाठावं.