दोन रविवार

२२ जानेवारी १९०५, रविवार. सेंट पीटर्सबर्गच्या बर्फाळ रस्त्यांवरून हजारो कामगार बायकामुलांसह झारच्या हिवाळी राजवाड्याकडे निघाले होते. पुढे फादर गॅपॉन हे धर्मगुरू, लोकांच्या हातात संतांच्या तसबिरी आणि खुद्द झारची चित्रं. आठ तासांचा कामाचा दिवस, बरी मजुरी, लोकांनी निवडलेली सभा, एवढंच मागणं. झार निकोलस राजवाड्यात नव्हताच. सैनिकांनी गोळ्या झाडल्या. मेलेल्या-जखमींची संख्या शेकड्यांत गेली.

११ मार्च १९१७. शहराचं नाव आता पेट्रोग्राड, झार तोच. त्याच्याच हुकमावरून गर्दीवर पुन्हा गोळीबार झाला, आणि तोही रविवारच होता. चार दिवसांनी निकोलसने गादी सोडली.

गाऱ्हाणी बरीचशी तीच असताना पहिला उठाव का चिरडला गेला? १९०५चा असंतोष काही लहान नव्हता. ऑक्टोबरच्या संपाने रेल्वे ठप्प झाली होती, ‘पोटेमकिन’ या युद्धनौकेवर बंड झालं होतं. पण झारने निवडून आलेल्या ड्यूमाचं, म्हणजे संसदेचं, आश्वासन दिलं आणि मवाळ मंडळी कामगारांपासून बाजूला झाली. जपानशी चाललेलं युद्धही संपलं होतं. मुख्य म्हणजे तुरळक बंडं सोडली तर सैन्य हुकूम पाळत राहिलं. डिसेंबरात मॉस्कोचा उठाव मोडायला राजधानीतून सेम्योनोव्स्की रेजिमेंट पाठवली गेली; प्रेस्न्या या कामगारवस्तीवर तोफा डागल्या गेल्या.

१९१७ मध्ये ठिणगी पडली ती पावाच्या रांगेत. देशात धान्य होतं, पण महायुद्धाने रेल्वेचं कंबरडं मोडलं होतं. थंडीत तासन्‌तास ताटकळणाऱ्या, कापडगिरण्यांत राबणाऱ्या बायका ८ मार्चला रस्त्यावर उतरल्या. पाठोपाठ इतर कारखाने बंद पडले.

आणि राजधानीतलं सैन्य? जुने कसलेले शिपाई आघाडीवर खपले होते. बराकींमध्ये दाटीवाटीने राहत होते ते नवखे रंगरूट आणि शेतावरून उचलून आणलेले प्रौढ शेतकरी. रांगेतल्या बाईत त्यांना आपल्याच घरचं माणूस दिसत होतं. व्होलिन्स्की रेजिमेंटच्या जवानांनी रविवारी गोळ्या झाडल्या खऱ्या, पण त्या रात्री बराकीत त्यांचं आपसांत बोलणं झालं. क्रांतीचा निकाल लागला तो तिथे. सोमवारी सकाळी सार्जंट किरपिच्निकोव्हच्या पुढाकाराने त्यांनी पुन्हा बाहेर पडायला नकार दिला, आपल्या अधिकाऱ्याला ठार केलं आणि शेजारच्या बराकींची दारं ठोठावली. संध्याकाळपर्यंत हजारो सैनिक लोकांना मिळाले. मग सेनापतींनीच झारला पायउतार होण्याचा सल्ला दिला.

हे कोणाला आधी दिसलं नव्हतं. जानेवारीत झुरिकमध्ये तरुण कामगारांपुढे बोलताना बोल्शेविक पक्षाचे नेते लेनिन म्हणाले होते, की येऊ घातलेल्या क्रांतीच्या निर्णायक लढाया आम्हा म्हाताऱ्यांना कदाचित पाहायला मिळणार नाहीत. पुरते दोन महिनेही गेले नव्हते. आणि रविवारी गोळ्या झाडताना, दुसऱ्या दिवशी आपण काय करू, हे व्होलिन्स्कीच्या त्या शिपायांना तरी कुठे ठाऊक होतं?

झारच्या जागी आलेल्या हंगामी सरकारने युद्ध चालूच ठेवलं, उन्हाळ्यात नवी चढाई केली आणि जमीनवाटपाचा प्रश्न पुढे ढकलला. शेतकरी-सैनिक गावाकडे पळू लागले. नोव्हेंबरात बोल्शेविक चालून आले, तेव्हा हिवाळी राजवाड्यात या सरकारच्या रक्षणासाठी उरले होते काही लष्करी छात्र, थोडे कोसॅक आणि महिला पलटणीची एक तुकडी.